बुर्गीची सॅक

३ जून, सोमवार

आज बुर्गीचा फोन आला. स्वतःहून. मी कणकेच्या गोळ्यात हात घालून बसले होते, माझ्या नवऱ्याने, लोइसने, फोन माझ्या कानाला लावून धरला. "ट्राउडी, यंदा तू येतेस," एवढंच म्हणाली. येशील का, असं विचारलं नाही. मी हो म्हणेपर्यंत फोन बंद.

दोन वर्षं मी या फोनची वाट पाहत होते. खरं तर असा फोन कोणालाच येत नाही. लोकच बुर्गीला फोन करतात, हातापाया पडतात. चाळीस उन्हाळे ती माणसांना एका डोंगरघरातून दुसऱ्या डोंगरघरात नेते आहे, पाच दिवस, चार मुक्काम. आमच्या खोऱ्यात मुलं चालायला शिकली की आया म्हणतात, बुर्गीसारखा पाय टाक. पण तिच्याबरोबर जायचं तर आधी तिच्या तपासणीत पास व्हावं लागतं. निघायच्या दोन दिवस आधी गेस्टहाउसच्या मोठ्या खोलीत प्रत्येकाने सॅक टेबलावर रिकामी करायची. आठ किलो, पाण्यासकट. त्याच्या वर एक ग्रॅम गेला की काहीतरी घरी.

आणि मी दोनदा नापास झाले आहे. हे इथे लिहून टाकते, कारण गावात सगळ्यांना माहीतच आहे.

पहिल्या वर्षी माझी सॅक बरोबर आठ किलो भरली. बुर्गीने माझ्याकडे पाहून जॅकेट काढायला सांगितलं. खिशांतून धुरावलेल्या डुकराच्या मांसाचा अर्धा किलो श्पेक, जर्दाळूच्या जॅमची बाटली आणि रविवारच्या प्रार्थनेसाठीचे चांगले बूट निघाले. ती म्हणाली, "बेकरीत बत्तीस वर्षं पाव तोललेस ना? मग तराजूला फसवू नये." आणि घरी पाठवलं. दुसऱ्या वर्षी वजन चोख होतं, पण बूट कोरे करकरीत होते. सोललेल्या टाचा घेऊन कोणाला वर नेत नाही, म्हणाली. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. निघताना तिच्या उघड्या सॅककडे बोट दाखवून मी सगळ्यांदेखत म्हटलं, "तुझ्या जखमेच्या पट्ट्यांची मुदत मार्चमध्येच संपली आहे." तिने पाकीट उचललं, पाहिलं आणि कचऱ्यात टाकलं. मला वाटलं होतं, ही आता जन्मभर मला जवळ करणार नाही.

४ जून, मंगळवार

बूट घालून घरभर फिरते आहे. गेलं वर्षभर हेच चालू आहे, बाजारात बूट, चर्चमध्ये बूट. लोइस म्हणतो, "झोपताना तेवढे काढ, माझ्या नडग्यांवर दया कर."

११ जून, मंगळवार

बुर्गी घरी आली. मी पाठमोरी भांडी घासत होते. वळून पाहायच्या आत ती दारातून म्हणाली, "लोइस घरात नाही, आणि तुझ्या डाव्या बुटाची टाच झिजली आहे." नुसत्या आवाजावरून. आम्ही सगळे बघतो आणि तरी आम्हाला कळत नाही. तिला न बघता कळतं.

तिने माझं सगळं सामान पलंगावर मांडायला लावलं आणि एकेक वस्तू हातात घेऊन चोळून पाहिली. "यात अर्धं नायलॉन आहे, ठेव." "ही लोकर खरी, घे." झोपायच्या पातळ पिशवीची शिवण बोटांनी चाचपली आणि एक उसवलेली जागा बरोबर सापडली. मी ती पिशवी तीनदा नीट पाहिली होती, मला नव्हती दिसली. सामानाची यादी मात्र तिने मला मोठ्याने वाचायला लावली. चष्मा विसरली होती. पण मला वाटतं तेही मुद्दामच, कारण मोठ्याने वाचलं की डोक्यात बसतं. आता मी बाजाराची यादीसुद्धा मोठ्याने वाचणार आहे.

माझे राखाडी मोजे तिने बाजूला फेकले. म्हणाली, "लाल घे. भडक लाल. बुटाच्या वर चार बोटं दिसले पाहिजेत." शोधपथकाला लांबून दिसायला, असणार. किती पुढचा विचार करते.

कॉफी ओतताना तिने कपाच्या काठावरून आत बोट धरलं होतं. जुन्या गाईडची सवय, वाऱ्यात, अंधारात सांडू नये म्हणून. तिच्यामागे मीही करून पाहिलं. बोट भाजलं.

१६ जून, रविवार

लाल मोज्यांचा एक जोड चार दिवसांत विणून काढला आणि आज सरावाला गेलो. मी आणि बुर्गी, दोघीच, वरच्या कुरणापर्यंत. आभाळ भरून आलेलं होतं. तिने तिचा काळा चष्मा घातला होता, तो तिला शोभतोही.

तिने मला पुढे चालायला लावलं. मला. गाईड नेहमी पुढे असते, माणसं मागे. मी म्हटलं, "तू पुढे हो ना." तर म्हणाली, "तुझी चाल बघायची आहे." वर म्हणाली, वाटेत जे जे दिसेल ते बोलत चाल, म्हातारीला सांगतेस असं समजून सांग. मग मी सांगत सुटले: डावीकडे सुटा दगड, पुढे उंच पायरी, इथे मुळं आडवी आहेत, ओली आहेत. पहिल्यांदा फार खुळ्यासारखं वाटलं. पण तासाभराने माझ्या लक्षात आलं की अठ्ठावन्न वर्षं मी या वाटेने नुसती चालत आले होते, वाट पाहिली आज. काय शिक्षिका आहे! शाळेत अशी एक जरी भेटली असती तर मी बेकरीच्या गल्ल्यावर आयुष्य काढलं नसतं.

ओढ्यावर फळी टाकलेली आहे, ते सांगायचं मी विसरले, कारण फळी सगळ्यांना दिसते. मी ओलांडून वळले, तर बुर्गी फळीच्या शेजारी, घोट्यापर्यंत पाण्यात उभी. "उन्हाळ्यात पाय थंड करावेत," म्हणाली. शांतपणे, जशी काही रोजच करते. तेव्हा मीही परत जाऊन एक बूट पाण्यात बुडवला. घरी येईपर्यंत पचपच वाजत होता, पण बरं वाटलं.

लोइसला जेवताना सगळं सांगितलं. तो तीस वर्षं बर्फ काढायची गाडी चालवायचा, त्याला कौतुक कसं करतात ते माहीत नाही. चमचा ठेवून म्हणाला, "ढग होते ना आज? मग काळा चष्मा कशाला?" मी म्हटलं, तुला काय कळतंय डोंगरावरच्या उजेडातलं. मग म्हणाला, परवा दुकानात बुर्गी त्याच्यासमोर उभी होती आणि तो बोलेपर्यंत तिने ओळखलं नाही. मी म्हटलं, तू दाढी वाढवलीस ना. दाढी चार दिवसांची आहे.

२९ जून, शनिवार

सॅक अकरा वेळा भरली. बेकरीतलं काम सोडताना मालकाने मला जुना टांगता तराजू दिला होता, तो दाराच्या चौकटीला अडकवला आहे. आठ किलो दोनशे. दात घासायच्या ब्रशची दांडी कापली. साबणाचा अर्धा तुकडा केला. पायजमा काढला, कारण डोंगरघरात सगळे ओळीने एका फळीवर झोपतात आणि कोणी कोणाचा पायजमा बघत नाही. श्पेक मात्र काढला नाही. तीनशे ग्रॅम, माझ्या भावाने स्वतः धुरावलेला, सगळ्यांदेखत यादीत लिहून. आता आहे सात किलो आठशे.

लोइस दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "ट्राउडी, वर एक जागा आहे ना, साखळी धरून जायची? तिथे कोण पुढे असतं?" बुर्गी, अर्थातच. तो म्हणाला, तू विचार तिला एकदा. काय विचारू? मला नाही आवडलं. मला दोनदा परत पाठवलं तेव्हा हाच माणूस बाहेर गाडीत बसून हसत होता. आता मी खरीच चालले आहे, तर हा तोंड पाडून बसतो. मी पाच दिवस नसले की याला सूपसुद्धा करता येणार नाही, ते खरं दुखणं आहे.

१२ जुलै, शुक्रवार

रात्री उशिरा वही उघडली.

तीन वाजता तपासणी सुरू झाली. आम्ही सहा जण. व्हिएन्नाचे माजिस्टर वेसेली पहिले. पदवीशिवाय नाव घेतलं की त्यांना ऐकू येत नाही. त्यांच्या सॅकमधून कॉफीचं पितळी भांडं, घडीची छत्री आणि एक छोटी इस्त्री निघाली. बुर्गीने इस्त्री हातात घेतली, वजन पाहिलं आणि म्हणाली, "माजिस्टर, वर तुमच्या सुरकुत्यांकडे कोणी बघणार नाही." ते बिचारे लाजून हसले आणि तिन्ही वस्तू बाजूला ठेवल्या. तिचं हे मला फार आवडतं. माणूस हलका करते, पण कमी करत नाही.

मग माझी पाळी. तिने सॅक दोन बोटांवर उचलली, तराजूकडे पाहिलंही नाही. "सात किलो आठशे." टांगून बघितली तर काटा तिथेच. मी बत्तीस वर्षं तराजूवर काढली, मला हे जमत नाही. मग बूट वाकवून पाहिले, तळव्यावर अंगठा फिरवला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चल," म्हणाली.

शेवटी बुर्गीची सॅक. हा तिचा स्वतःचा नियम आहे, चाळीस वर्षांचा. सगळ्यांच्या झाल्या की गाईडचीही तपासायची, आणि तपासणारा जे कमी आहे म्हणेल ते गाईडने ऐकायचं. तपासतं कोण, तर ज्याला तिने सगळ्यात जास्त वेळा परत पाठवलं आहे तो. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. मी ऐटीत पुढे झाले.

झाकण उघडलं. सगळ्यात वर एक भिंग होतं. बशीएवढं, जाड काचेचं, मूठ लावलेलं. त्याच्याखाली नकाशा, आणि त्यावर आमची वाट काळ्या शाईने माझ्या बोटाएवढी जाड काढलेली. औषधांच्या पिशव्यांना दोऱ्या बांधलेल्या, एकीला एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन. म्हणजे न बघता हाताला कळावं.

मी भिंग हातात धरून उभी राहिले आणि सगळा जून महिना माझ्या डोळ्यांसमोरून गेला. मोठ्याने वाचलेली यादी. कपातलं बोट. लाल मोजे. ओढ्यात उभी राहिलेली बुर्गी, आणि तिच्या कौतुकाने स्वतःचा बूट बुडवणारी मी. लोइसला दिसलं होतं. मला रडू नाही आलं, राग आला. तिचा नाही, माझा.

यादीतलं सगळं होतं. दोर होता, शिटी होती, पट्ट्या नव्या होत्या. मी नुसतं "सगळं आहे" म्हटलं असतं तर खोटं ठरलं नसतं. आणि मी तसं म्हणायच्या बेतात होते, हे इथे कबूल करते. दोन वर्षं, अकरा वेळा भरलेली सॅक, आणि परवा सकाळी सात वाजता निघायचं होतं. हिला ती वाट पायांनी पाठ आहे, असं मी स्वतःला सांगत होते. मग ती साखळी आठवली. माजिस्टर माझ्या शेजारी उभे होते, कॉफीच्या भांड्याकडे शेवटचं बघत.

"एक कमी आहे," मी म्हटलं.

"काय?" बुर्गीने विचारलं.

"पुढे चालणारा."

कोणीतरी खुर्ची सरकवली. बुर्गी म्हणाली, "पुढे मी चालते."

"तू मागे चाल, बुर्गी. माझ्या मागे. मी लाल मोजे घालीन."

ती माझ्याकडे पाहत होती, म्हणजे माझ्या कानाच्या थोडं बाजूला. आता लक्षात येतं, महिनाभर ती तसंच पाहत होती. मग तिने कोटावरचा गाईडचा बिल्ला काढला आणि टेबलावर ठेवला, कोपऱ्यात नाही, मधोमध. "नियम माझाच आहे," म्हणाली. सगळ्यांना सांगितलं की गेल्या शरद ऋतूपासून तिला समोरचं नीट दिसत नाही, आणि सांगायचं राहून गेलं. "राहून गेलं," असंच म्हणाली. मग मला म्हणाली, वेंडेलिनला फोन लाव.

वेंडेलिन तिच्या भावाचा मुलगा, तोही गाईडच. आमचं नशीब जबरदस्त. तो दहा मिनिटांत हजर, पायात बूट, पाठीवर भरलेली सॅक. ऐन जुलैत त्याचे नेमके हेच पाच दिवस मोकळे होते. असं कधी होत नाही. आणि बुर्गी एवढी काटेकोर बाई, पण भिंग लपवायला विसरली. सॅकच्या तळाशी ठेवलं असतं तर मी तिथवर पोचलेही नसते. माणूस कुठेतरी चुकतोच.

१३ जुलै, शनिवार

सकाळपासून कशात मन नाही. मी तिचं काम हिसकावून घेतलं. चाळीस वर्षांचं. तिच्या घरासमोरून दोनदा गेले आणि दार न ठोकता परत आले. लोइसने एकदाही "मी म्हटलं नव्हतं का" असं म्हटलं नाही. याबद्दल त्याचे सगळे जुने टोमणे मी माफ केले आहेत.

दुपारी तीच आली. पुन्हा दारातूनच म्हणाली, "टाच दुरुस्त केलीस." मी तिथेच माफी मागायला लागले, तर हात वर करून गप्प केलं. बसली. मधलं गेलं आहे, म्हणाली, कडेकडेचं दिसतं. चेहरे नाहीत, अक्षरं नाहीत. रंग मात्र कडेने छान दिसतो, लाल सगळ्यात चांगला. मी विचारलं की पंचवीस वर्षं बरोबर येणारी माणसं आहेत, त्यांच्यातल्या कोणाला का नाही सांगितलंस. म्हणाली, "ती माझ्यावर फार प्रेम करतात. त्यांना दिसलं असतं तरी ती बोलली नसती." आणि हसली. मला या उत्तराचा अर्थ अजून लागत नाही. मीही तिच्यावर काही कमी प्रेम करत नाही.

मग यायचं खरं कारण सांगितलं. ती आता पाहुणी म्हणून येते आहे, म्हणून वेंडेलिनने तिची सॅक पुन्हा तपासली आणि ती तीनशे ग्रॅम जास्त भरली. भिंग घरी ठेव म्हणाला. तिला! त्याचे पहिले बूट तिने बांधून दिलेले आहेत. रागाने तिची मान लाल झाली होती. ती कुरकुरत होती, तो कालचा पोरगा मला वजन शिकवतो, आणि तरी मला वाटलं, त्याने सूट दिली असती तर ती जास्त चिडली असती.

भिंग मी घेतलं. टांगून पाहिलं. आठ किलो शंभर. मी श्पेक काढून लोइसच्या हातात दिला. एवढा आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता.

दुसरा लाल जोड विणायचा राहिलाच.

१४ जुलै, रविवार, पहिल्या डोंगरघरातून

पाच तास चाललो. अंग ठणकतं आहे, टाचा शाबूत आहेत. इथे जेवणाची घंटा व्हायला अजून वेळ आहे, फळीवर पालथी पडून लिहिते आहे. शेजारी माजिस्टर वेसेली इस्त्री न केलेल्या शर्टात घोरत आहेत.

वेंडेलिन पुढे, मग मी, मग बुर्गी, मग बाकीचे. निघताना तिने माझ्या मोज्यांकडे खाली वाकून पाहिलं आणि म्हणाली, "दिसतात." नंतर पाच तास मी बोलत होते. पायरी, सुटा दगड, चिखल, दगड. तीही मला सांगत होती: आता वळण येईल, आता वारा लागेल, आता उजवीकडे उग्र वास येईल, तिथे मेंढ्यांची पाणी प्यायची जागा आहे. सगळं येत गेलं. वेंडेलिनचा नकाशा खिशातच राहिला. काल मला भीती होती की तिच्याबद्दलचा माझा आदर आता कमी होईल. झाला नाही. पूर्वी मी तिची डोळस चाल बघत होते. आज तिला न दिसणाऱ्या जागी पाय टाकताना ऐकलं, माझ्या शब्दावर. तिने एकदाही विचारलं नाही की नक्की ना.

ओढ्याशी मी थांबले. "फळी. चार पावलं. मध्ये हलते." ती आली. बूट कोरडे. पलीकडे पोचल्यावर म्हणाली, "आज गरम होतंय, पाय थंड केले असते तरी चाललं असतं." म्हणजे तिला ते तेव्हाचं सगळं कळलं होतं, मी बूट बुडवलेलासुद्धा.

डोंगरघरात आल्यावर आधी वहीत नोंद. हरवलो तर कुठे शोधायचं ते कळावं म्हणून प्रत्येकाने लिहायचंच: नाव, कुठून आलात, उद्या कुठे, गाईड कोण. वेंडेलिनने आमच्या सगळ्यांच्या नावांसमोर गाईड म्हणून स्वतःचं नाव घातलं. बुर्गीने पेन मागितलं. मी म्हटलं, सांग, मी लिहिते. नको म्हणाली. बोटाने ओळ चाचपली आणि मोठ्या वाकड्या अक्षरांत स्वतःच लिहिलं, दोन ओळींवर पसरलं ते. मग म्हणाली, "वाच. मोठ्याने."

चाळीस वर्षं त्या वहीत तिचं नाव शेवटच्या रकान्यात असायचं. आज ते पहिल्या रकान्यात होतं, आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं: ट्राउडी, लाल मोजे.

मी म्हटलं, असं चालत नाही बुर्गी, ही सरकारी वही आहे, गाईड वेंडेलिन आहे. ती म्हणाली, "मग खोड." डोंगरघराचा रखवालदार, वेंडेलिन, माजिस्टर, सगळे बघत होते.

नाही खोडलं.

मोजे धुऊन बाहेर दोरीवर टाकले आहेत. इथली हवा थंड आहे, सकाळपर्यंत वाळतील असं वाटत नाही. ओलेच घालीन.